मेंदूच्या वेशीवर : प्रथिने आणि प्रतिपिंड यांचा प्रवेश



ज्या डॉक्टरांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण दरसाल भरविता, त्यांचा आयुष्यभर असा आग्रह होता की वैद्यकाचे ज्ञान रुग्णालयाच्या दप्तरात कुलूपबंद राहू नये, ते प्रपंची माणसाच्या उंबरठ्यापर्यंत त्याच्याच भाषेतून पोहोचले पाहिजे. आणि म्हणूनच, विषय निवडण्याची मुभा मला मिळाली तेव्हा, वरकरणी केवळ तज्ज्ञांचा वाटणारा परंतु वस्तुतः घराघराशी निगडित असलेला एक विषय मी पत्करला. रक्तातून मेंदूत कोणाला प्रवेश मिळतो, कोणाला मज्जाव होतो, आणि विशेषतः प्रथिने व प्रतिपिंड यांसारखे महाकाय रेणू ही सरहद्द कशी ओलांडतात, हा तो विषय होय. ज्या घरात वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाने एखादा आप्त हळूहळू परका होत चालला आहे, ज्या घरातील स्त्रीचा स्तनाचा कर्करोग शरीरात आटोक्यात येऊनही पुढे मेंदूत उद्भवला आहे, किंवा ज्या घरातील मुलाला शाळेच्या वाटेवर कुत्रे चावले आहे, त्या प्रत्येक घराचे भवितव्य या सरहद्दीवरील कायद्याशी बांधलेले आहे. हा कायदा मोडून वैद्यकाच्या पदरात थोडे पडले, तो धीराने शिकून पुष्कळ पडले, आणि जेथे शिकूनही अद्याप इलाज सापडलेला नाही तेथे वेळेपूर्वी जागे होणे एवढाच मार्ग उरतो, हे आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या शोधाचा प्रारंभ जर्मनीत रंगांच्या प्रयोगांतून झाला. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले पाउल एर्लिख यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात नाना रंगद्रव्ये टोचून कोणता अवयव कोणता रंग घेतो याचा तपास केला, आणि त्यांना असे आढळले की यकृत, मूत्रपिंड, स्नायू हे सारे रंगून निघाले तरी मेंदू मात्र कित्येक रंगांच्या बाबतीत कोराच राहतो. मेंदूला त्या रंगांविषयी आसक्तीच नसावी, असा त्यांनी याचा अर्थ लावला. तो अर्थ टिकणारा नाही हे त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी दाखविले. १९०९ साली त्यांनी ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग रक्तात टोचला, तेव्हा शरीर निळे झाले आणि मेंदू कोरा राहिला. १९१३ साली तोच रंग त्यांनी मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती असणाऱ्या मस्तिष्कमेरुद्रवात टोचला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि शरीर कोरे राहिले. मेंदू रंग घेतो, परंतु रक्तातला रंग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे यावरून निर्विवाद ठरले. पुढे असेही कळून आले की ट्रिपॅन ब्लू रक्तात शिरताच तेथील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. तेव्हा गोल्डमान यांना दिसलेला निळा रंग हा अल्ब्युमिनचाच माग होता, आणि प्रथिनाला मेंदूत थारा नाही हे सिद्ध करणारा प्रयोग, त्याची कल्पनाही नसताना, त्यांच्या हातून घडून गेला होता.

प्रतिपिंडांच्या बाबतीत हाच धडा त्याहूनही अगोदर, आणि अधिक कठोर रीतीने, मिळालेला होता. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य प्राण्यांच्या रक्तरसात निर्माण होते हे दाखवून दिले, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक होते की ज्याच्या रक्तात हे प्रतिविष भरपूर आहे त्याला धनुर्वाताचे भय कसले? परंतु १८९८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू व अमेदे बोरेल यांनी, ज्यांच्या रक्तात प्रतिविषाचा मुबलक साठा होता अशा सशांच्या मेंदूत धनुर्वाताच्या विषाचा अत्यल्प अंश टोचला, आणि ते ससे धनुर्वाताने पछाडले गेले. विष आणि त्याचा प्रतिकारक ही दोन्ही एकाच देहात हजर होती, दोघांमध्ये केशवाहिनीच्या भिंतीएवढेच अंतर होते, आणि ते अंतर प्रतिकारकाला ओलांडता आले नाही. रक्तात प्रतिपिंड असणे म्हणजे मेंदूत प्रतिपिंड असणे नव्हे, हा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असा नोंदला गेला होता. त्याची पुरती किंमत ओळखावयास मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

या दोन टोकांमधल्या काळात ज्या व्यक्तीने या रोधाला शरीरशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळवून दिले, तिचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, म्हणून आज ते आदरपूर्वक घेतले पाहिजे. लीना स्टर्न यांचा जन्म १८७८ साली तत्कालीन रशियन साम्राज्याच्या बाल्टिक प्रांतात झाला. जिनिव्हा विद्यापीठात प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि तेथेच, १९२१च्या सुमारास, त्यांनी असे प्रतिपादन केले की रक्त व मेंदू यांमधील हा रोध म्हणजे नुसता आडोसा नसून मेंदूच्या आंतरिक वातावरणाचे स्थैर्य राखणारी एक सजीव यंत्रणा आहे. पुढे त्या सोव्हिएट रशियात गेल्या, १९३९ साली तेथील विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, आणि क्षयजन्य मेंदूज्वराने मरणाऱ्या मुलांना, रक्तातून मेंदूत नीट न पोहोचणारे स्ट्रेप्टोमायसिन थेट मस्तिष्कमेरुद्रवात टोचून, वाचविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १९४९ साली स्टालिनच्या अमलात त्यांना ज्यू फासिस्टविरोधी समितीच्या खटल्यात कैद झाली. १९५२ साली त्यांच्या तेरा सहआरोपींना देहान्ताची शिक्षा होऊन तिची अंमलबजावणीही झाली. स्टर्नबाई तेवढ्या हद्दपारीवर निभावल्या, आणि परत आल्यावर पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसल्या. ज्ञानासाठी एवढे सोसणाऱ्या या विदुषीने मांडलेली कल्पना, की रोध हा अडविण्यासाठी जितका आहे तितकाच निवडण्यासाठी आहे, आजच्या सगळ्या संशोधनाचा पाया आहे.

हा रोध नेमका असतो कोठे, याचे प्रत्यक्ष दर्शन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घडविले. १९६७ साली टॉमस रीझ व मॉरिस कार्नोव्हस्की यांनी हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळापासून मिळणारे, सुमारे ४०,००० डाल्टन रेणुभाराचे एक प्रथिन उंदरांच्या रक्तात सोडले आणि ते कोठे अडते हे पाहिले. शरीरातील इतर ठिकाणी केशवाहिनीच्या भिंतीतील पेशींमध्ये फटी असतात, काही ठिकाणी तर पेशींना स्वतःलाच गवाक्षे असतात. मेंदूतल्या केशवाहिनीत मात्र शेजारशेजारच्या पेशींचे काठ एकमेकांशी सलग सांध्यांनी जखडलेले असतात, आणि ते प्रथिन बरोबर त्या सांध्यांपाशी येऊन थांबलेले त्यांना आढळले. दोन वर्षांनी मिल्टन ब्राइटमन व रीझ यांनी तेच प्रथिन मेंदूच्या बाजूने सोडले, आणि तेही उलट दिशेने त्याच सांध्यांपाशी येऊन थांबले. रोधाची जागा अशी दोन्ही बाजूंनी मुक्रर झाली. मानवी मेंदूतील या केशवाहिन्यांची एकंदर लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते, त्यांचे अंतःस्तरीय क्षेत्रफळ बारा ते अठरा चौरस मीटर असते, आणि मेंदूतली कोणतीही चेतापेशी जवळच्या केशवाहिनीपासून सामान्यतः वीस-पंचवीस मायक्रॉनांहून दूर नसते. म्हणजे औषध रक्तातून प्रत्येक चेतापेशीच्या अगदी दारापर्यंत जाऊन पोहोचते. उरते ते एका पेशीच्या जाडीचे अंतर, आणि सगळा प्रश्न त्या अंतराचा आहे.

ही कडक शिस्त त्या रक्तवाहिन्यांना उपजत असते काय? १९८१ साली स्ट्यूअर्ट व वायली यांनी लाव्याच्या गर्भातील, अद्याप रक्तवाहिन्या न शिरलेल्या मेंदूचा तुकडा कोंबडीच्या गर्भाच्या उदरात रुजविला, तेव्हा कोंबडीच्या ज्या सामान्य वाहिन्या त्या तुकड्यात शिरल्या त्यांनी रोधाचे गुण धारण केले. वाहिनी कोठून आली याला महत्त्व नाही, ती कोणत्या ऊतीच्या सहवासात वाढली याला आहे. मेंदू आपल्या रक्तवाहिन्यांना स्वतः घडवितो. तारकाकृती पेशी आणि केशवाहिनीला बाहेरून कवटाळून असणाऱ्या पेरिसाइट नावाच्या पेशी या घडणीत भागीदार असतात, आणि वार्धक्यात वा रोगात त्यांचा ऱ्हास झाला की रोधही शिथिल होतो.

आता प्रवेशाचे नियम पाहू. प्राणवायू व कर्बवायू यांना कोणाचीच हरकत नसते. मद्यार्कासारखे, किंवा भूल देणाऱ्या औषधांसारखे, लहान व स्निग्धविद्राव्य रेणू पेशींच्या पटलातून आरपार जातात. मेंदूचे मुख्य अन्न असलेले ग्लुकोज, ज्याचा रेणुभार अवघा १८० डाल्टन, त्यालासुद्धा मुक्तद्वार नाही. त्याला आत नेण्यासाठी पटलात खास वाहक प्रथिने तैनात आहेत. जे काही परकीय द्रव्य चोरपावलांनी पेशीत शिरते, ते बाहेर फेकणारे पंपही त्याच पेशीत अहोरात्र चालू असतात. मग ज्याचा रेणुभार सुमारे १,५०,००० डाल्टन, म्हणजे ग्लुकोजच्या आठशे पटींहून अधिक, त्या प्रतिपिंडाला जागा कोठून मिळावी? सांध्यांतून जाणे त्याला शक्य नाही आणि पटलातून विरघळून जाणेही शक्य नाही. तिसरी एकच वाट शिल्लक राहते : पेशीने आपल्या पृष्ठभागाला खळगा पाडून त्याची इवलीशी पुटिका बनवावी, त्या पुटिकेत रेणूला घ्यावे, आणि पलीकडच्या बाजूला नेऊन ती उघडावी. शरीरातील इतर केशवाहिन्यांत अशी वाहतूक भरपूर चालते. मेंदूतल्या केशवाहिन्यांत ती मुद्दाम दडपलेली असते. २०१० साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखवून दिले की पेरिसाइट कमी असलेल्या उंदरांमध्ये ही पुटिकांची ये-जा वाढते, आणि २०१४ साली हार्वर्डमध्ये असे आढळले की केशवाहिनीच्या पटलातील मेदाची विशिष्ट घडण राखणारे एक प्रथिन काढून टाकले, की सांधे शाबूत असूनही पुटिकांच्या मार्गाने रोध गळू लागतो. यावरून असे म्हणावे लागते की घट्ट सांधे हा रोधाचा एक आधार, तर पुटिकांचा संयम हा दुसरा, आणि प्रथिनांच्या दृष्टीने हा दुसराच अधिक महत्त्वाचा.

तरीसुद्धा काही प्रथिनांची मेंदूला गरज असते. इन्शुलिन व लेप्टिन ही संप्रेरके रक्तातून मेंदूला शरीराच्या पोषणाची वार्ता देतात. लोह तर चेतापेशींना अत्यावश्यक, आणि रक्तात ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या स्वाधीन असते. अशांसाठी केशवाहिनीच्या रक्ताकडील बाजूवर विशिष्ट ग्राही असतात. जुन्या जकातनाक्यावर माल कितीही मोठा असला तरी ज्याच्यापाशी शिक्क्याचे दस्तक आहे त्याचा तांडा सुटे, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याची पोतडीसुद्धा अडे, तसाच हा व्यवहार आहे : ट्रान्सफेरिनचा आकार नव्हे, त्याची ओळख त्याला आत नेते. ग्राही त्याला धरतो, पुटिका बनते, आतील आम्लतेमुळे लोह सुटते, आणि ग्राही पुन्हा पहिल्या जागी परततो. १९८४ साली ऑक्सफर्डमधील विल्फ्रेड जेफ्रीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ग्राही मेंदूतील केशवाहिन्यांवर विशेषत्वाने असतात, इतर अवयवांतील केशवाहिन्यांवर आढळत नाहीत, असे प्रसिद्ध केले. एका लहानशा निरीक्षणात केवढे भवितव्य दडलेले असते याचा हा नमुना आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी, प्रतिपिंडांना आज मेंदूत किती प्रवेश मिळतो याचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे. रक्तातील प्रतिपिंडांच्या पातळीच्या सुमारे हजारावा हिस्सा मेंदूत आढळतो, असे सर्वसाधारण मान आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर गुणकारी ठरलेल्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाची जर्मनीत रुग्णांमध्ये मोजदाद झाली, तेव्हा रक्तात ४२० भाग असता मस्तिष्कमेरुद्रवात एक भाग, असे प्रमाण निघाले. शरीरातली गाठ जे औषध विरघळविते, त्याच औषधाच्या छायेत मेंदूत गेलेली कर्कपेशी निर्धास्त वाढते, या दुःखद अनुभवाचे मूळ बव्हंशी या आकड्यात आहे. शिवाय मस्तिष्कमेरुद्रव म्हणजे मेंदू नव्हे, हेही ध्यानात असावे : तो द्रव ज्या जालिकांतून पाझरतो तेथील वाहिन्या मुळातच सैल असतात, आणि दिवसाकाठी तो कित्येकदा बदलला जातो, त्यामुळे त्यात औषध सापडले म्हणून ते मेंदूच्या गाभ्यात पोहोचलेच, असे अनुमान करता येत नाही. अल्झायमरच्या विकारात साचणाऱ्या अमिलॉइड या द्रव्याविरुद्धचे लेकॅनेमॅब हे प्रतिपिंड, ज्याला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली, दर पंधरवड्यास शरीराच्या प्रत्येक किलोमागे दहा मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेने शिरेतून द्यावे लागते, याचे एक मोठे कारण हेच; आणि एवढे करून अठरा महिन्यांत विकाराची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, तर आठांत एका रुग्णाच्या मेंदूत सूज दिसून आली. हे यश आहे यात शंका नाही. पण किती महाग यश!

कोणी म्हणेल, असा हा रोध निसर्गाने ठेवलाच कशाला? तर तो नसता म्हणजे काय झाले असते, हेही रोगांनीच आपल्याला शिकविले आहे. चेतापेशींच्या सांध्यांवरील ग्राहींना चिकटणारे प्रतिपिंड मेंदूत वावरू लागले, की धडधाकट तरुण माणूस काही दिवसांत भ्रमिष्ट होतो, त्याला झटके येतात, त्याची शुद्ध हरपते. मानसिक रोग समजून ज्यांच्यावर भलतेच उपचार झाले असते अशा कित्येकांचे निदान, होसेप दाल्माउ यांनी २००७ साली हा विकार ओळखून दिल्यावरच, नीट होऊ लागले. बहुविध काठिण्य, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या विकारात प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशी स्वतःच आत ठाण मांडतात, याची चाहूल एल्व्हिन काबाट यांना १९४०च्या दशकातच मस्तिष्कमेरुद्रवाच्या परीक्षेतून लागली होती. रक्तातील प्रथिनांचा, क्षारांचा आणि संप्रेरकांचा जो चढउतार जेवणाजेवणागणिक होत असतो, तो विचारांच्या या इंद्रियापर्यंत पोहोचला असता तर स्मृती, निश्चय, वाणी यांपैकी काहीच स्थिर राहिले नसते. रोध हा आपला शत्रू नव्हे. त्याच्यामुळेच मी बोलतो आणि आपण ऐकता.

म्हणूनच रोध फोडून आत शिरण्याच्या उपायांकडे मी आदराने परंतु सावधपणे पाहतो. १९७०च्या दशकापासून, मानेतील धमनीत मॅनिटॉल या शर्करेसदृश द्रव्याचा संपृक्त द्राव सोडून केशवाहिनीच्या पेशी क्षणकाल आकुंचित करावयाच्या आणि सांधे उघडावयाचे, असा प्रयत्न झाला. औषध आत गेले, पण त्याच्याबरोबर रक्तातील सगळीच द्रव्ये गेली, आणि झटक्यांचे भय राहिले. अलीकडे सूक्ष्म वायुबुद्बुद रक्तात सोडून त्यांवर श्राव्यातीत ध्वनिलहरी केंद्रित करतात आणि मेंदूच्या नेमलेल्या भागापुरताच रोध काही तास सैल करतात. ही पद्धती पहिलीपेक्षा पुष्कळ सौम्य आहे, आणि २०२४ साली तीन अल्झायमर-रुग्णांमध्ये जेथे रोध असा उघडला तेथील अमिलॉइड अधिक कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. परंतु जो विकार संपूर्ण मेंदूभर पसरलेला आहे त्यासाठी सबंध मेंदूचे दार आयुष्यभर वारंवार उघडत राहणे हा मार्ग नव्हे.

दुसरा मार्ग ट्रान्सफेरिनच्या ग्राहीचा. त्या ग्राहीलाच चिकटणारे प्रतिपिंड बनवावे आणि त्याच्या पाठीवर औषध बांधावे, म्हणजे ग्राही आपला नित्याचा व्यवहार करता करता औषधालाही आत नेईल, ही कल्पना १९९०च्या दशकारंभी विल्यम पार्ड्रिज, फिलिस फ्रीडन प्रभृतींनी उंदरांमध्ये प्रत्यक्षात आणून पाहिली. उत्साह मोठा होता, फळ मात्र अल्प आले. ग्राहीला अधिकाधिक घट्ट धरणारे प्रतिपिंड निवडले जात होते, कारण घट्ट धरणे हाच प्रतिपिंडाचा गुण असे सर्वांनी गृहीत धरले होते. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तो ते प्रतिपिंड केशवाहिन्यांच्या भिंतीतच अडकून पडलेले दिसत, पलीकडे मेंदूत त्यांचा मागमूस अत्यल्प असे. २०११ साली साउथ सॅन फ्रान्सिस्को येथील जेनेन्टेक कंपनीत रायन वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गृहीतकालाच हात घातला. त्यांनी ग्राहीवरील प्रतिपिंडाची पकड बुद्धिपुरस्सर सैल केली, आणि उंदरांना औषधाच्या नेहमीच्या मात्रेत ते टोचले, तेव्हा घट्ट पकडीच्या प्रतिपिंडापेक्षा सैल पकडीचे प्रतिपिंड मेंदूत अधिक पोहोचले. कारण उघड झाले : जो ग्राहीला सोडू शकत नाही तो पलीकडच्या काठावर उतरूही शकत नाही, त्याला घेऊन पुटिका पेशीच्या लयकारिकांकडे वळते, आणि प्रतिपिंड व ग्राही दोघांचाही तेथे नाश होतो. २०१४ साली बाझेल येथील रोश कंपनीच्या संशोधकांनी याला दुजोरा देणारी आणखी एक गोष्ट दाखविली : प्रतिपिंडाचे दोन बाहू दोन ग्राहींना एकदम धरतात तेव्हा त्याची रवानगी नाशाकडे होते, आणि एकाच बाहूने धरले तर ते सुखरूप पैलतीरास जाते. शंभर वर्षे अभेद्य वाटलेल्या सरहद्दीवर माणसाला जी वाट मिळाली ती पकड वाढवून मिळाली नाही, पकडीला मर्यादा घालून मिळाली, ही गोष्ट मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते.

या वाटेवरचे धोकेही संशोधकांनी झाकून ठेवले नाहीत. ट्रान्सफेरिनचा ग्राही अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबड्या रक्तपेशींवरही विपुल असतो. प्रतिपिंडाने त्यांना गाठले की शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांचाच संहार करते, हे २०१३ साली उंदरांत दिसून आले, आणि तेव्हापासून प्रतिपिंडाचे संरक्षणयंत्रणेला हाक देणारे टोक निष्क्रिय करण्याची किंवा त्याची मांडणी बदलण्याची तजवीज करावी लागते. रुग्णाच्या हिमोग्लोबिनवर नजर ठेवणे हा या उपचारांचा आता भागच झाला आहे.

या ज्ञानाचे पहिले फळ जपानमध्ये, आणि तेही एका दुर्मीळ बालरोगावर, मिळाले. १९१७ साली कॅनडातील चार्ल्स हंटर यांनी दोन भावांमध्ये वर्णिलेल्या या आनुवंशिक रोगात एक विकर जन्मतः नसते. त्यामुळे मोठे शर्करारेणू पेशींत साचत जातात, सांधे आखडतात, यकृत व प्लीहा वाढतात, आणि तीव्र स्वरूपाच्या रोगात शिकलेले शब्दसुद्धा मूल हळूहळू विसरते. ते विकर शिरेतून देण्याचा उपचार २००६ सालापासून उपलब्ध होता; त्याने शरीराला आराम पडे, परंतु मेंदूला त्याचा उपयोग होत नसे, कारण विकर हेही एक प्रथिनच. मुलाचे यकृत लहान होत आहे आणि त्याची वाणी मावळत आहे, हे एकाच वेळी पाहण्याचा प्रसंग आईबापांवर येई. जपानच्या जेसीआर कंपनीने हेच विकर ट्रान्सफेरिन-ग्राहीच्या प्रतिपिंडाला जोडले, आणि मार्च २०२१ मध्ये त्या औषधाला जपान सरकारची मंजुरी मिळाली. या ग्राहीच्या मार्गाने रोध ओलांडणारे, जगात मंजूर झालेले हे पहिले औषध. मस्तिष्कमेरुद्रवातील साठलेल्या द्रव्याची पातळी त्याने उतरते, हे मोजून सिद्ध झाले आहे. अल्झायमरच्या बाबतीतही, स्वतंत्रपणे २०२२ साली अपयशी ठरलेले गँटेनेरुमॅब हे प्रतिपिंड याच ग्राहीची जोड देऊन पुन्हा तपासले जात आहे. पुष्कळ कमी मात्रेत ते अमिलॉइड झपाट्याने हटविते आणि मेंदूतील सूज कमी आढळते, असे आरंभीच्या चाचण्यांत दिसले, आणि २०२५ साली त्याच्या अंतिम टप्प्याच्या चाचण्या सुरू झाल्या. अमिलॉइड गेल्याने स्मृती किती राखली जाते याचा निर्णय त्या चाचण्याच देतील, आणि तोपर्यंत रुग्णाच्या आप्तांना खोटी आशा दाखविणे हा अधर्म होईल.

श्रोतेहो, आता मी अशा रोगाकडे येतो ज्याच्यासाठी आपल्याला जपान किंवा अमेरिका पाहावी लागत नाही. पिसाळलेल्या जनावराच्या दंशाने होणारा अलर्क, म्हणजे रेबीज, याचा विषाणू रक्तमार्गाने मेंदूकडे जात नाही. तो जखमेतील मज्जातंतूच्या टोकातून शिरून तंतूच्या आतून सरकत मेंदू गाठतो, आणि अशा रीतीने रोधाला वळसा घालतो. एकदा तो पोहोचला की रोध त्याचाच रक्षक बनतो : रक्तात प्रतिपिंड असले तरी ते विषाणूपर्यंत जात नाहीत. फिलाडेल्फिया येथील डग्लस हूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७च्या सुमारास उंदरांत दाखविले की विषाणूच्या सौम्य वाणाच्या संसर्गात रोध काही काळ सैल होतो, प्रतिपिंड व संरक्षक पेशी आत जातात, आणि प्राणी वाचतो. मारक वाणाच्या संसर्गात रक्तातील प्रतिपिंड तितकेच चांगले असूनही रोध बंदच राहतो, आणि प्राणी मरतो. लक्षणे प्रकट झाल्यावर हा रोग बहुधा अटळपणे मृत्यूकडेच नेतो, त्याच्या कारणांत हेही एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरसाल सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात, आणि त्यांतील ३६ टक्के भारतात.

ही हानी अज्ञानाची आहे, साधनांच्या अभावाची नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेने अनेक दशके या रोगाची लस तयार केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने रेबीजविरुद्धचे एकजिनसी प्रतिपिंड तयार केले, आणि २०१६ साली त्याला भारतात परवाना मिळाला. प्रतिपिंड जखमेतच टोचावयाचे, ते का, हे आजच्या विवेचनानंतर निराळे सांगावयास नको : मज्जातंतूत शिरण्यापूर्वी, उघड्या मांसात असतानाच, विषाणू प्रतिपिंडाच्या हाती लागू शकतो, मागाहून नाही. लसीने शरीर स्वतःचे प्रतिपिंड बनवू लागेपर्यंत आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तेवढी मधली मुदत हे टोचलेले प्रतिपिंड भरून काढतात.

मेंदूच्या वेशीवरील हा कायदा आज आपल्या बाजूने वाकविण्याची विद्या प्रयोगशाळांत घडते आहे, आणि तिला आपल्या विद्यापीठांनी, आपल्या तरुण संशोधकांनी आणि आपल्या दानशूर गृहस्थांनी हातभार लावावा, अशी माझी विनंती आहे. परंतु ती विद्या पूर्णत्वास जाईपर्यंत, आणि गेल्यानंतरही, एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे, ती आपण येथून उठून घरी जाल तेव्हा घरातल्या लहानथोरांना सांगा. कुत्रे, मांजर, माकड कोणीही चावले किंवा ओरखडले, तर जखम तत्क्षणी वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. मंत्रतंत्रात एक तासही दवडू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंड टोचून घेण्याचा आग्रह धरावा, आणि लसीच्या सर्व मात्रा नेमल्या तारखांना पुऱ्या कराव्यात.